लाईट गेली रात्री, ट्रेनिंग लागलं सोमवारी

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. जळगाव एमआयडीसी, रात्रपाळी, अडीच-पावणेतीन वाजले असतील आणि लाईट गेली. घरात लाईट गेली तर आपण दोन शिव्या देतो आणि गादी उचलून गच्चीवर जातो, पण पीव्हीसी पाईपच्या लाईनवर लाईट गेली की तिथून घड्याळ सुरू होतं. बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या तापलेल्या नळीत, एकशे ऐंशी डिग्रीच्या आसपास तापलेला माल जागच्या जागी उभा राहतो, स्क्रू फिरत नाही, माल पुढे सरकत नाही, आणि पीव्हीसीचा स्वभावच असा की तापात थांबला की करपतो. आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, मग काळा, आणि मग असा वास सुटतो की नाकाडोळ्यातून पाणी येतं, तो ॲसिडचा वास असतो, हायड्रोक्लोरिकचा, ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही.

त्या लाईनवर एरंडोलकडचा एक पोऱ्या होता, आयटीआय झालेला, वर्षभराचा अनुभव. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात डाय, म्हणजे मालाला पाईपचा आकार देणारं पुढचं तोंड, खोलून माल बाहेर काढायला पाहिजे होता, तो त्याने काढला नाही. लाईट आल्यावर त्याने लाईन चालू केली, आतून करपलेला माल आला, डाय चोक झाली, प्रेशर चढलं आणि मशीन ट्रिप. सकाळी मेंटेनन्सवाले पितळी पट्ट्या घेऊन डाय खरवडत बसले (लोखंडी पट्टी लावली तर आतल्या क्रोमवर ओरखडा पडतो आणि तो ओरखडा मग प्रत्येक पाईपवर उमटतो), लाईन दुपारपर्यंत बंद.

रिपोर्टमध्ये रूट कॉजचा, म्हणजे मूळ कारणाचा, एक रकाना असतो. त्यात लिहिलं गेलं, ऑपरेटरला प्रोसेसचं पुरेसं ज्ञान नाही. शेजारच्या रकान्यात उपाय, ट्रेनिंग. सोमवारी दोन तासांचं ट्रेनिंग लागलं, बाहेरून सर आले, प्रोजेक्टर, चहा-बिस्किट, सही, फोटो. विषय संपला.

आता गंमत ऐका. त्याच पोऱ्याने त्याच विषयाचं ट्रेनिंग जानेवारीत घेतलेलं होतं आणि नंतरच्या टेस्टमध्ये वीसपैकी सतरा मार्क काढले होते. लाईट गेल्यावर काय करायचं हा प्रश्न त्या टेस्टमध्ये होता, आणि त्याचं उत्तर बरोबर होतं. पेपर मी स्वतः काढून बघितला.

मग त्याला बाजूला घेऊन विचारलं, अरे तुला माहीत होतं ना. तो म्हणाला, "माहीत होतं सर. पण डाय खोलायची असेल तर शिफ्ट इंचार्जला विचारायचं असं सांगितलेलं आहे. मी तीन फोन केले, उचलला नाही. आणि मागे एकाने न विचारता खोलली होती तर त्याचे पैसे कापले होते."

शिफ्ट इंचार्ज मीच होतो. मी जनरेटरच्या खोलीत होतो, तिथे शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, खिशातला फोन काय ऐकू येणार. आणि रिपोर्टातली ती ज्ञानाची ओळ, ती पण मीच लिहिलेली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे बसलंय आणि कुठेही ट्रेनिंग हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, कोणाचं झाकायचंय? कारण आपल्याकडे ट्रेनिंग हे शिकवण्यासाठी कमी आणि दोष वाटून देण्यासाठी जास्त वापरलं जातं. काम बिघडलं, माणसाला हॉलमध्ये बसवा. रिजेक्शन वाढलं, हॉलमध्ये बसवा. ग्राहकाची तक्रार आली, सगळ्यांनाच बसवा. परवानगीची पद्धत चुकीची आहे, फोन लागत नाही, हत्यार जागेवर नाही, पगार कापायची भीती आहे, यातलं काही बदलायचं म्हटलं तर साहेब लोकांना स्वतःकडे बघावं लागतं. ट्रेनिंग लावलं की फक्त कामगाराकडे बघितलं तरी भागतं.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. थॉमस गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १९७८ सालीच हे मांडून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की माणूस कामात कमी का पडतो हे शोधताना आधी त्याच्या भोवतालचं बघा. त्याच्याकडून काय पाहिजे ते त्याला नीट सांगितलंय का, केलेलं काम बरोबर झालं की चुकलं हे त्याला कोणी कळवतं का, हत्यारं धड आहेत का, नीट काम केल्याचा त्याला काही फायदा आहे का. हे सगळं तपासून झाल्यावर मग त्याच्या ज्ञानाकडे, कुवतीकडे आणि इच्छेकडे वळा. आपण बरोबर उलटं करतो, ज्ञानापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

माझी स्वतःची एक साधी परीक्षा आहे. माणसाला आत्ता हजाराची नोट दाखवली तर तो हे काम करून दाखवेल का? दाखवेल, तर त्याला ट्रेनिंगची गरज नाही, अडचण दुसरीकडे आहे, ती शोधा. नाही दाखवणार, तर शिकवा. (हजाराची नोट बंद झाली हे माहीत आहे मला, दोन पाचशेच्या धरा.)

बरं, खरंच शिकवायची गरज असेल तरी हॉलमध्ये शिकवलेलं टिकतं किती? एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग केले होते, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायचा आणि किती विसरलो ते मोजायचा, तर तासाभरातच निम्म्याहून जास्त गायब. ट्रेनिंगवाले सर हा आलेख प्रत्येक वेळी दाखवतात आणि पुढे पुन्हा दोन तास बोलतात, हे मला कधी समजलं नाही. खरं तर ती निरर्थक अक्षरं होती, रोजच्या हातातलं काम तसं विसरत नाही, पण लाईट जाणं ही काही रोज नेमाने होणारी गोष्ट नाही ना. महिन्यातून एखाद वेळी रात्री तीनला ती वेळ येते आणि जानेवारीतली स्लाइड मे महिन्यात रात्री तीनला आठवायची असते, घामाने डोळे चुरचुरत असताना. तेव्हा आठवणीवर भरवसा ठेवणाऱ्याचीच चूक आहे.

माझे मामा भुसावळला लोको पायलट होते, रिटायर झाले. लहानपणी मला वाटायचं इतकी वर्षं गाडी चालवली तर यांना सगळं तोंडपाठ असेल. पण ते सांगायचे की सिग्नल दिसला की तो मोठ्याने बोलायचा, असिस्टंटने तो परत बोलायचा, दोघांना स्वच्छ दिसतोय तरी बोलायचा. पंचवीस वर्षं झाली तरी बोलायचा. आणि इंजिनात बिघाड झाला तर जवळ ट्रबल शूटिंग डिरेक्टरी असते, अमुक दिवा लागला तर आधी हे बघ, मग ते बघ, असं ओळीने लिहिलेलं. नवीन सेक्शनवर गाडी न्यायची तर आधी एलआर, म्हणजे लर्निंग रोड, जाणकार ड्रायव्हरबरोबर त्या रुळावरून जाऊन यायचं, रात्रीची फेरी पण धरून, कारण दिवसा दिसणारं वळण रात्री वेगळं असतं. मामांना कोणी म्हटलं नाही की तुम्हाला पुस्तक बघावं लागतं म्हणजे तुम्हाला काम येत नाही. तिथे मदत कामातच शिवलेली आहे, वेगळ्या दिवशी वेगळ्या हॉलमध्ये नाही.

आणि आमच्याकडे? एसओपी, म्हणजे काम कसं करायचं ते लिहिलेले कागद, आहे की. फाईलमध्ये आहे, फाईल ऑफिसात आहे, ऑफिसला रात्री कुलूप आहे, आणि भाषा इंग्रजी. ती ऑपरेटरसाठी लिहिलेलीच नाही, ऑडिटरसाठी लिहिलेली आहे. मशीनच्या पॅनलवर अलार्म येतो तो पण इंग्रजीत, एका जुन्या लाईनवर तर अर्धे शब्द चायनीज आहेत आणि त्यावर कोणीतरी मार्करने मराठीत लिहून ठेवलंय, "हे दाबू नये". कोणी लिहिलं माहीत नाही पण अख्ख्या प्लांटमधला सगळ्यात उपयोगी ट्रेनर तोच.

थोडं गावाकडचं सांगतो. माझी सासुरवाडी रावेरकडची, केळीची. एक्सपोर्टचा माल भरतात तिथे मी एकदा दिवसभर बसलो होतो. घड उतरवला की फण्या वेगळ्या करायच्या, चीक निघतो तो सालीवर वाळला की डाग पडतो म्हणून तुरटीच्या पाण्यात सोडायच्या, मग जाडीप्रमाणे वेगळ्या. आता जाडी किती हे नवीन बाईला कसं कळणार? तिथल्या मुकादमाने पत्र्याला दोन खाचा पाडून ठेवल्या होत्या. केळं छोट्या खाचेत घुसलं तर बारीक, मोठ्या खाचेत पण घुसलं नाही तर जास्त जाड, मधलं ते खोक्यात. पत्रा दोरीने टेबलाला बांधलेला. नवीन आलेली बाई पाच मिनिटांत कामाला लागली, आणि चार-पाच दिवसांनी, मुकादम म्हणाला, पत्र्याला कोणी हात पण लावत नाही, नजर बसते. मला वाटतं माणसाला कामात आधार देणं म्हणजे हेच, काम चालू असताना हाताशी असलेली गोष्ट, जी हळूहळू आपोआप लागेनाशी होते. त्याला प्रोजेक्टर लागत नाही.

यावर आमचे मॅनेजर म्हणतात की सगळं कार्डावर लिहून दिलं की माणूस डोकं चालवायचं बंद करतो. हा मुद्दा अगदीच फालतू नाही. मी बघितलंय, भिंतीवर इतके बोर्ड लागतात की शेवटी कोणी एकही वाचत नाही, सेफ्टीचं स्लोगन आणि कॅलेंडरवरचा गणपती एकाच नजरेने बघतो माणूस. पण डोकं बंद पडायची भीती सर्जनला वाटली नाही तर आम्हाला का वाटावी? डब्ल्यूएचओने ऑपरेशनसाठी एका पानाची चेकलिस्ट केली होती, ती जगातल्या आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलात वापरून बघितली, त्यात दिल्ली पण होतं, आणि २००९ साली आकडे आले तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून शून्य पूर्णांक आठ टक्क्यावर आलेलं. कापायचं कसं हे त्या डॉक्टरांना कार्ड शिकवत नव्हतं, ते त्यांना येतच होतं. पेशंट हाच ना, बाजू हीच ना, अँटिबायोटिक दिलं का, एवढंच. काम येणाऱ्या माणसाचं पण हे सुटतं, म्हणून कार्ड. १९३५ मध्ये बोइंगचं नवीन विमान पडलं तेव्हा चालवणारा पण नवशिका नव्हता, चांगला कसलेला पायलट होता, एक लॉक काढायचं राहिलं एवढंच. त्यानंतर पायलट लोक चेकलिस्ट बघायला लागले.

तर आम्ही कार्ड केलं. मी लिहिलं नाही, मुद्दाम. त्या पोऱ्याला आणि आणखी दोघांना बसवलं आणि म्हटलं, तुमच्या भाषेत लिहा, लाईट गेली तर पहिलं काय. त्यांनी सात ओळी लिहिल्या. सातवी ओळ होती, "दहा मिनिटात लाईट आली नाही तर डाय खोलावी, कोणाला विचारू नये." या शेवटच्या तीन शब्दांसाठी मला मॅनेजरसमोर तीन मीटिंगा कराव्या लागल्या, खरंच तीन. कार्ड लॅमिनेट करायला चाळीस रुपये लागले आणि तीन शब्दांना तीन आठवडे. म्हणजे बघा, ज्ञान स्वस्त होतं, परवानगी महाग होती.

आता जुन्या लोकांबद्दल बोलतो कारण तिथे खरं दुखणं आहे. सगळे म्हणतात पूर्वी उस्तादाकडे बघून बघून लोक शिकायचे, तेच चांगलं. माझे वडील दाल मिलमध्ये होते, ते असंच शिकले, आणि त्यांनी किती थपडा खाल्ल्या तेही त्यांनीच सांगितलंय, तेव्हा त्या काळाचं फार कौतुक मला नाही. पण बघून शिकायला दाखवणारा तयार पाहिजे ना. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर आहेत, मशीनच्या आवाजावरून सांगतात की आज कंपाऊंड, म्हणजे पीव्हीसीचा कच्चा माल, ओलं आहे. कितीतरी वर्षं कंत्राटावर. ते कोणाला का शिकवतील? तो आवाज हीच त्यांची नोकरी आहे. ज्या दिवशी तीन पोरांना तो आवाज कळायला लागेल त्या दिवशी ठेकेदार म्हणेल, काका, आता तुम्ही आराम करा. हे त्यांनी मला तोंडावर सांगितलंय, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीने त्यांना मागे शिकवण्याबद्दल एक सर्टिफिकेट दिलं होतं फ्रेम करून. सर्टिफिकेटपेक्षा महिन्याला पाचशे रुपये शिकवण्याचे म्हणून पगारात लावा आणि दोन वर्षांचं काम लेखी द्या, मग बघा कसे शिकवतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कारखान्यांत भराभर नवीन माणसं भरली तेव्हा सुपरवायझरांना शिकवायचं कसं हे शिकवायचा कार्यक्रम काढला होता, आणि त्यात एक वाक्य असायचं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मी ते वाक्य एकदा मीटिंगमध्ये बोललो. पुढच्या मीटिंगला बोलावलं नाही.

शिकवायला सगळ्यात तयार माणूस आमच्याकडे होता तो फिटर आबा, ते रिटायर झाले. पण पोरांनी त्यांना व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवलंय. गिअर बॉक्समधून आवाज आला की पोरं दहा सेकंदांचा व्हिडिओ टाकतात, आणि अमळनेरहून आबांचा व्हॉइस मेसेज येतो, "अरे भो, तो बेरिंगना आवाज शे, गिअर बॉक्सना नही." निम्म्या वेळा बरोबर निघतं, नाही, जास्तच. लाखो रुपयांची सॉफ्टवेअरं विकणारे ज्या गोष्टीला मोठमोठी नावं देतात ती पोरांनी फुकटात केली होती. कंपनीने काय केलं? फ्लोअरवर मोबाईल बंदी. कारण आहे, मी नाकारत नाही, पाईप ओढणाऱ्या चालत्या हॉलऑफजवळ रील बघणारा हात गमावू शकतो. पण मग दर लाईनला एक फोन बांधून ठेवा, त्या केळीच्या पत्र्यासारखा. मी दिलेला तो अर्ज अजून "विचाराधीन" आहे.

सरकारचं वेगळं सांगायला नको. २०२० मध्ये मिशन कर्मयोगी आलं, कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाईन कोर्स, हेतू चांगलाच आहे, घरबसल्या शिका. २०२४ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय शिक्षण सप्ताह झाला, प्रत्येकाने निदान चार तास शिकायचं. तास मोजले की लोक तास भरतात. माझा एक नातेवाईक एका ऑफिसात क्लार्क आहे, तो व्हिडिओ म्यूट करून टेबलावर ठेवतो आणि शेजारी डबा खातो, सर्टिफिकेटं आलीत त्याला ढीगभर. त्याच्या टेबलावर मात्र अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला कोणती कागदपत्रं पाहिजेत याची एका पानाची यादी अजून नाही, तो दरवेळी आठवून सांगतो आणि दरवेळी एक विसरतो, आणि म्हातारा दरवेळी चोपड्याहून परत येतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पण तशीच. २०२४ ला आली तेव्हा लोकांनी लाडका भाऊ म्हणून नाव पाडलं. काम शिकताना बारावीवाल्याला महिन्याला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा, सहा महिने, पुढे अकरा केले. पैसे पोरांच्या खात्यात आले, त्याबद्दल वाईट बोलणार नाही, खान्देशात दहा हजार म्हणजे घरात फरक पडतो. पण कोणाकडून काय शिकला हे कोणी विचारलं का? ज्यांच्याशी मी बोललो त्यातला एक कॉम्प्युटर शिकलेला पोऱ्या अकरा महिने झेरॉक्स काढत होता. अप्रेंटिसचा तर १९६१ पासून कायदा आहे, आता तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि घेतातही, स्वस्तातला हात मिळतो म्हणून. त्याला एका जागी उभा करतात आणि वर्षभर तो पाईपावर सॉकेट चढवतो. रजिस्टरमध्ये मात्र दर महिन्याला वेगळं खातं. ते रजिस्टर मीही भरलंय, म्हणून माहीत.

आणि एक, ७०-२०-१० म्हणून सर लोक स्लाइड दाखवतात, सत्तर टक्के कामातून, वीस दुसऱ्यांकडून, दहा क्लासमधून. तो आकडा मॅनेजर लोकांना तुम्ही कसे शिकलात असं विचारून निघालेला, काही मोजून काढलेला नाही, इतका गोल आकडा निसर्गात सापडत नाही. पण समजा खरा आहे. मग ट्रेनिंगचं बजेट अख्खं त्या दहावरच का जातं? हा प्रश्न मी हात वर करून विचारला होता. सर म्हणाले, छान प्रश्न आहे, चहानंतर घेऊ.

कार्ड लागल्यावर लाईट गेली का म्हणाल तर गेली, ऑगस्टमध्ये दोनदा आणि गणपतीत एकदा. एकदा पोराने डाय खोलली आणि दोन मिनिटांनी लगेच लाईट आली, म्हणजे उगाच खोलली असंही म्हणता येईल, आणि सकाळी म्हटलंच एकाने. तेव्हा मी मध्ये पडलो. एकदा उगाच खोलली गेली तर तासाभराचं काम वाढतं, पण त्याला बोललो असतो तर पुढच्या वेळी तो पुन्हा फोन लावत बसला असता.

काल नोटीस लागली आहे. येत्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला, विषय "कामाप्रती सकारात्मक दृष्टिकोन", सगळ्यांना हजेरी सक्तीची. रात्रपाळीवाल्यांची यादी माझ्याकडून मागितली, ते आठला सुटतील आणि दीड तास तिथेच थांबतील. तो पोऱ्या पण आहे यादीत. मला विचारत होता, सर, हॉलला एसी आहे ना?

आहे म्हटलं. मागच्या रांगेत बस.